टाकीवरचा देव

एका धडधाकट ट्रकचा श्वास मी कोंडला होता, आणि तोही भक्तीनं. अमावस्येमागून अमावस्या, शेंदूर आणि गोडं तेल वाटीत कालवून, बोटानं थापून थापून. तेव्हा मी काही नवी नवरी नव्हते, की कुणी म्हणावं, जाऊ दे, पोर आहे. चाळिशी उलटली होती, पोरगी लग्नाला आली होती, बचत गटाच्या बायका मला विचारल्याशिवाय अंगठा उठवत नव्हत्या. नातवंडं आता विचारतात, "आजी, तू लहानपणी शहाणी होतीस का गं?" मी सांगते, लहानपणी होते. मधे बिघडले.

आमचं गाव निपाणीच्या जवळ, हायवे सोडून जरा आत. ट्रक आमच्या दारात आला तेव्हाच दोन घरं नांदून आलेला होता. कोबी, वांगी, टोमॅटो असलं माळवं भरून तो बेळगावच्या मार्केटला जायचा, आणि हंगामात जवळच, सीमेपलीकडं कागलच्या कारखान्याला ऊस ओढायचा. त्याची डिझेलची टाकी बाहेरच्या अंगाला, केबिनच्या मागं लटकलेली, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. तिच्यावर वाटोळं लोखंडी टोपण. सगळं माझं पाप त्या टोपणावर.

आमच्या भागात गाडीवाल्याच्या घरी अवस म्हणजे सणच. गाडी धुवायची, हार घालायचा, जुनं लिंबू-मिरची सोडून नवं बांधायचं, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून न्यायची. बाकीच्या बायका चाकाला आणि पुढच्या काचेला हळद-कुंकू लावायच्या. मला वाटलं, ह्यांना कळत नाही. गाडी पळते कशाच्या जिवावर? डिझेलच्या. मग डिझेलच्या तोंडाशी बसलाय तो देव, का चाक देव? त्यात ते टोपण दिसायचंही तसंच. वाटोळं, फुगीर, नाक-डोळे नसलेलं, बांधावरच्या देवाच्या दगडासारखं. मी त्याला शेंदूर लावला, आणि आपण लई वेगळं काहीतरी केलं म्हणून दिवसभर मिरवले.

पुढच्या अवसेला दुसरा थर. मग तिसरा. तेलानं भिजलेला शेंदूर, वर रस्त्याची धूळ, वर पुन्हा शेंदूर. दोन-तीन वर्षांत त्या टोपणाला असं काही तेज चढलं, की पेट्रोल पंपावरची माणसंसुद्धा डिझेल घालायच्या आधी त्याला हात लावून कपाळाला लावायची. टोपण काढलं, की ते जमिनीवर ठेवत नसत; कुणी हातात धरून उभं राहायचं, कुणी धुतलेल्या फडक्यावर ठेवायचं. हे सगळं बघून माझी छाती फुगायची. त्या टोपणाला वरून एक बारीक भोक असतं, आणि त्या भोकातून टाकी हवा घेते, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या भोकालाही मी कुंकू लावलं असतं, एवढी मी त्या वेळी भारी होते.

गाडी बंद पडायला लागली ती माझ्या दिराच्या हातात.

माझे मालक आधी स्वतः गाडी चालवायचे. मग त्यांची कंबर धरली. बेळगावपर्यंत बसवेना, म्हणून लांबची वर्दी त्यांनी धाकट्या भावाला दिली आणि स्वतः जवळच्या जवळ, शेतातून कारखान्यापर्यंत, अशी चालवायला लागले. दीर माझा गुणाचा. शाळेत काही जमलं नव्हतं, शेतात मन लागत नव्हतं, पण स्टिअरिंग हातात आलं की पोरगा ताठ बसायचा. बडबड्या असा, की रिकाम्या केबिनमध्येसुद्धा गाडीशी बोलत जायचा. त्याची सोयरीक जमत आली होती. मुलीकडच्यांना आम्ही सांगितलं होतं, आमच्या घरची गाडी आहे, तोच बघतो.

पहिल्यांदा फोन आला तो मला.

"वैनी, पडली."

"कोण पडली रं?"

"गाडी, वैनी. संकेश्वर सोडलं आन् गप्प झाली. अण्णाला सांगू नका, मी बघतो."

तासाभरानं दुसरा फोन. "झाली सुरू." काय झालं होतं, तर माहीत नाही. काय केलंस, तर टाकीत काठी बुडवून डिझेल बघितलं, डिझेल होतं, हँडपंप मारून लायनीतली एअर काढली, सुरू झाली.

मग हे होतच राहिलं. कधी तवंदीचा घाट चढून गेल्यावर, कधी संकेश्वरच्या पुढं. कधी आठ-दहा दिवस काहीच नाही, आणि मग लागोपाठ दोन खेपांना. आधी इंजिनाला उचकी लागायची, मग पाय दाबला तरी ओढ नाही, मग शांत. माळवं उन्हात सुकायचं, मार्केटचा लिलाव चुकायचा. पानाच्या दुकानावर गावातली माणसं दिराला चिडवायची, "कागलला न्हेली की पळतीया, बेळगावला न्हेली की बसतीया. तिला सीमा ओलांडायची असंल मर्दा, अर्ज दे जा."

उपाय सगळ्यांनी केले. संकेश्वरच्या मिस्त्रीनं डिझेल फिल्टर बदलला, गाडी पळाली. पुन्हा पडली, तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीनं फीड पंप खोलून धुतला, गाडी पळाली. तिसऱ्यानं टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी बदलली आणि सांगितलं, आता पडली तर माझं नाव बदला. नाव बदलायची वेळ आली, तेव्हा तो फोनच उचलेना. एकदा दिरानं कंटाळून काहीच केलं नाही, नुसता झाडाखाली झोपला. उठून चावी मारली तर सुरू. तेव्हा त्यानं ठरवलं, गाडीला विश्रांती लागते. सासूबाईंनी सगळा हिशेब नीट लावला होता. त्या चिकोडीकडच्या. रागावल्या की कन्नडात बोलायच्या आणि विचार करायला लागल्या की मराठीत. त्या म्हणाल्या, "बघ गं, गाडी अवस झाली की पडतीया. पंध्रा दिवस गेलं की गुमान चालतीया. कायतरी हाय."

त्या बाईचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. अवसेला मी ताजा थर द्यायची, तो ओला शेंदूर भोकात जाऊन बसायचा. मग ऊन आणि हादरे लागून त्याला भेगा पडायच्या, थोडी हवा आत जायला लागायची, आणि गाडी बरी व्हायची. पण हे कळायला अक्कल लागते. आमच्याकडे भक्ती होती. मी काय केलं? अवसेला बाधा होते म्हटल्यावर अवसेचा शेंदूर दुप्पट केला. आणि गाडी वाटेत पडून परत आली, की मधल्या वारीसुद्धा एक थर.

आता इतक्या वर्षांनी मागं बघते तेव्हा हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमचा एकही उपाय फुकट गेला नव्हता. फिल्टर लागू पडला, पंप लागू पडला, नळी लागू पडली, लिंबू लागू पडलं, झोपसुद्धा लागू पडली. प्रत्येकाला आपापला गुण आल्याचं डोळ्यांनी दिसत होतं. कारण प्रत्येकानं आधी एक गोष्ट केलेली असायची, डिझेल आहे का बघायला टोपण उघडलेलं असायचं. ते उघडताच कोंडलेल्या टाकीत हवा जायची आणि आजार तिथंच संपायचा. झोपला त्या दिवशी ती हवा भेगांतून हळूहळू गेली, एवढंच. पण टोपण उघडणं हे काम आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. उपाय लागू पडला नाही, तर माणूस विचार तरी करतो.

तीन मिस्त्र्यांच्या हातांतून ते टोपण गेलं. एकानंही त्याला खरवडून बघितलं नाही. त्यांचा दोष नाही. शेंदूर लावलेल्या देवाला स्क्रू ड्रायव्हर कोण लावणार?

इकडं घरात वेगळंच शिजत होतं. मालक ऊस घेऊन कारखान्याला जायचे, गाडी एकदाही पडायची नाही. पाच-सहा मैलांचं अंतर, टाकीला कोंडायला वेळ कुठला मिळणार? पण ते म्हणायचे, "माझ्या हातात कशी पडत न्हाई?" एक दिवस त्यांना टाकीची एक बाजू आत चेपलेली दिसली. दीर म्हणाला, "मी कुठं धडकवली न्हाई, अण्णा." मालकांनी त्या चेपेवरून नुसता हात फिरवला. न बोलणारा माणूस मनात काय मांडत असतो ते बायकोला कळतं. रस्त्याकडेला उभ्या ट्रकमधून डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर आमच्या हायवेला नवे नाहीत. गाडी बंद पडली म्हणायचं, तासभर बाजूला लावायची, डबा भरून द्यायचा, झालं. हे त्यांनी मला रात्री नाही, भर दुपारी, जेवताना सांगितलं, जणू पावसापाण्याचं बोलावं तसं. मी म्हटलं, "आवो, भाऊ हाय तो तुमचा." ते म्हणाले, "म्हणून तर बोललो न्हाई अजून."

मग त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. कमरेला पट्टा बांधून स्वतः बाजूला बसले, दिराला चालवायला लावली. बांबूच्या काठीला चाकूनं खुणा करून घेतल्या. तवंदीचा घाट चढला की थांब, टोपण काढ, काठी बुडव. संकेश्वरला थांब, काठी बुडव. हत्तरगीला थांब, काठी बुडव. डिझेल कुठं कमी होतं ते त्यांना पकडायचं होतं. आणि गाडी? लोण्यासारखी गेली. लोण्यासारखी आली. ज्या संशयानं ते टोपण उघडत होते, तोच संशय दर थांब्याला गाडीला श्वास देत होता. पण त्यांना दिसलं ते असं, की मी शेजारी बसलो तर गाडी पडत नाही.

त्या दिवशी जेवणाच्या ताटावर ते म्हणाले, "गाडी बंद पडत न्हाई. पाडली जातीया."

दिराच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तसाच राहिला. "अण्णा, काय म्हणायचं ते नीट म्हणा."

"नीटच म्हणालोय. दिवाळी झाली की गाडी विकून टाकायची. तू शेताकडं बघ."

"चोर म्हणा की मग. तोंड का आखडता?"

"साक्!" सासूबाई कन्नडात ओरडल्या. पुरे, म्हणजे पुरेच. दीर उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

मला काही कळत नव्हतं असं नाही. गाडी गेली तर तिच्यासारखी दुसरी आणता आली असती. पण सख्ख्या भावानं गाडीवरनं उतरवलं, ही बातमी कारणासकट फिरली असती. मुलीकडच्या घरी आधी पोचली असती. त्या पोराला कुणी पुन्हा चावी दिली नसती, आणि दोन भाऊ एका ताटावर बसले नसते. मी मालकांना म्हटलं, "एकदा मी जाऊन येते त्याच्याबरोबर. येळ्ळूरला माहेरी जायचं हायच मला. बेळगावपर्यंत गाडीत बसते."

ते म्हणाले, "जा. पण डोळं उघडं ठेवून बस."

म्हणजे मी माहेरपणाच्या नावाखाली पाळत ठेवायला निघाले होते. पटलं नव्हतं मला मालकांचं. पण पूर्ण खोटंही वाटत नव्हतं, हे आज लिहिते. आणि त्याच दिराचं भलं व्हावं म्हणून निघायच्या आधी टोपणावर मी शेंदराचा असा थर दिला, की वरून तेल ओघळलं. शिवाय शेंदराची डबी पिशवीत घेतली. वाटेत लागली तर असावी!

केबिनमध्ये बाई चढली म्हणताच दिराला चेव आला. "वैनी, मागं कोबीवर बसा. हितं इंजनाची धग लागतीया."

"मला माळव्यात घालतोस व्हय रं?"

"माळव्याला तरी भाव येईल कायतरी."

असं बोलत बोलत घाट चढलो. पण माझे डोळे त्याच्या हातांवर होते. गिअर टाकला, बघितलं. चावीकडं हात गेला का, बघितलं. खाली कुठला खटका आहे का, तेही वाकून बघितलं. चप्पल शोधतेय असं दाखवून. त्याचीही थट्टा आटत गेली. संकेश्वर मागं पडलं. उसाचे ट्रॅक्टर बाजूनं जात होते. आणि मग गाडीला उचकी लागली. एक, दोन, मग ओढ गेली. त्यानं कशीबशी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरनं उचलून माझ्यासमोर धरले.

"बघा वैनी. हात हितं हायत. पाय बी बघून घ्या."

मी म्हटलं, "मी कुठं काय म्हणतेय?" आणि घाईघाईनं खाली उतरले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. मागं टाकीपाशी जाऊन पिशवीतली डबी काढली. लाजेनं माणूस काय करतो? जे येतं तेच करतो. मी बोट शेंदरात बुडवलं, आणि तोल सांभाळायला डावा हात टाकीवर टेकला, तर टाकीचं पोट आत गेलेलं. त्या दिवशी मालकांना दिसली ती चेप, पण आता जास्त खोल.

तेवढ्यात दीर काठी घेऊन आला. टोपणाला हात लावून कपाळाला लावला, फिरवलं, उचललं. हुस्स करून आवाज झाला, आणि माझ्या तळहाताखाली टाकी डब्ब करून बाहेर आली.

मी काय केलं असेल? हात जोडले. "बाई गं, देव बोलला," म्हणाले. भर हायवेवर, शेंदरानं लाल झालेलं बोट कपाळाला लागलं, आणि माझ्या शहाणपणाचा टिळा माझा मलाच लागला. दीर म्हणाला, "टाकी जुनी हाय, वैनी. वाजतीया ती अशीच."

"दर वेळी वाजते?"

"पडली की वाजतीया. का?"

तो डब्ब मी कुठंतरी ऐकला होता. रस्त्याच्या कडेला उभी राहून आठवत होते. आणि मग आठवला तो तेलाचा डबा. घरात गोडेतेलाचा मोठा पत्र्याचा डबा आला, की त्याला एकच भोक पाडून चालत नाही. तेल दोन घोट येतं, मग थांबतं, डबा आत ओढला जातो. दुसरं भोक पाडलं की डबा डब्ब करून फुगतो आणि तेल धारेनं येतं. आमच्या पोरीला हे मीच शिकवलं होतं, वर टपली मारून. "हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येतंय व्हय गं?"

मी दिराला विचारलं, "ह्या टाकीत हवा कुठनं जाते रं?"

"हवा कशाला जायला पायजे? एअर गेली की बंद पडतीया, हे मिस्त्री बोंबलून सांगतोय."

"ती नळीतली. मी टाकीतली म्हणते. डिझेल खाली जातंय, त्याच्या जागी काय येतंय?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की वैनीला ऊन लागलं. पण गाडी सुरू करून घेतली. मी म्हटलं, टोपण घट्ट लाव, आणि चल. पुन्हा पडू दे. हे ऐकून तो हसला. गाडी पडावी म्हणून आजवर कुणी प्रार्थना केली नव्हती. हत्तरगीच्या पुढं ती पडली. मी कधी एवढी खूश झाले नसेन.

"आता कायबी करायचं न्हाय," मी म्हटलं. "काठी नको, हँडपंप नको. नुसतं टोपण काढ, परत ठेव, आणि चावी मार."

"नुसतं?"

"नुसतं."

हुस्स, डब्ब. त्यानं टोपण ठेवलं, जाऊन चावी मारली. गाडी खोकली, दोनदा कुरकुरली आणि धडधडायला लागली. तो केबिनच्या दारातून वाकून माझ्याकडं बघत राहिला. मी रस्त्याच्या कडेला पदर खोचून उभी, बोट लाल, कपाळ लाल.

बेळगावपर्यंत टोपण सैल ठेवून वर फडकं बांधून गेलो. कुठंही थांबली नाही. कोबी उतरला, लिलाव मिळाला. माहेरी जायचं मी विसरूनच गेले. मार्केटच्या भिंतीच्या सावलीत टोपण मांडीवर घेऊन बसले, आणि माझं धाडस होईना. खरवडायचं म्हणजे काय? ज्याच्यापुढं आपण इतकी वर्षं हात जोडले त्याला नख लावायचं? दीर उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "मी करू?" मी म्हटलं, "नको. लावला मी, काढणार मी." डोळे मिटून मनात माफी मागितली आणि अंबाड्याचा आकडा काढला.

पापुद्र्यावर पापुद्रा निघत गेला. वरचा मऊ, खालचा काळपट आणि लाखेसारखा टणक. प्रत्येक थरात मला माझीच एकेक अवस दिसत होती. नवी साडी नेसून केलेली, घाईत केलेली, दिराची गाडी पडू नये म्हणून केलेली. अगदी तळाशी, मधोमध, सुई जाईल एवढं एक भोक होतं. मी आकड्याचं टोक आत घातलं, फुंकर मारली, आणि पलीकडून शीळ वाजली.

दीर म्हणाला, "आयला, हेला भोक हाय?"

परत येताना टोपण घट्ट लावलं, फडकं सोडलं, काठी मागं हौद्यात टाकली. निपाणीपर्यंत थांबलो नाही. घाट उतरताना त्यानं मला न विचारता हॉर्न वाजवला, लांबलचक, समोर कुणी नसताना.

अंगणात गाडी लावली आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं. टोपण मालकांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडं धरलं, भोकातून माझ्याकडं बघितलं, आणि हसायला लागले ते कंबर धरूनच. "म्हंजे गाडी तू पाडत हुतीस!" त्यानंतर महिनाभर घरी येईल त्याला ही कथा मिळाली, चहाच्या आधी. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. टोपण हातात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "अवस झाली की पडतीया म्हटलं हुतं का न्हाय मी? कुणी ऐकलं?" त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की गाडी त्यांनीच दुरुस्त केली, आणि विचार केला तर त्या माझ्यापेक्षा जवळ पोचल्या होत्या.

गाडी विकायचं पुन्हा निघालं नाही. मालक भावाला एवढंच म्हणाले, "उद्या लवकर निघ. लिलाव चुकवू नको." मला वाटलं, संपलं. एका शेंदरानं झालेलं एका आकड्यानं निघालं. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, ताटं एकत्र मांडली गेली. मालकांच्या मनातून ते सगळं असं पुसलं गेलं, जणू त्यांनी कधी काही म्हटलंच नव्हतं. मीही तशीच. मला आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद झाला होता, की त्या चुकीखाली मालकांची आणि माझी अशी आणखी एक चूक आहे, तिकडं बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गाडीपाशी गेले. दीर ते टोपण डिझेलनं चोळून पुसत होता. मी म्हटलं, "माझ्या खुळेपणापायी तुला लई ऐकून घ्यावं लागलं रं. आता झालं न्हवं सगळं नीट?"

त्यानं चहा घेतला, बशी मडगार्डवर ठेवली. आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"गाडी नीट झाली, वैनी. पर अण्णा जागोजागी काठी बुडवत हुता, ती गाडीला न्हवती, मला हुती. आन् तुमी चप्पल शोधत हुतासा, ते बी बघितलं मी. आता मी काय करणार हाय सांगू? रोज निघताना आन् रोज आल्यावर त्याच्या म्होरं टाकीत काठी बुडवून दावणार हाय. त्यो नको म्हणंपतोर."